चाकाकडून हाताकडे

बाजाराच्या दिवशी शिरूर अनंतपाळच्या रस्त्याकडेला लागलेल्या जुन्या गाड्यांची मागची चाकं बघत चाललं, की एखाद्या मारुती ८०० च्या नाहीतर ओम्नीच्या टायरखाली सरकवलेला दगड दिसतोच. मालकाचं उत्तर ठरलेलं असतं : "हँडब्रेक लागत नाही. गिअरमध्ये टाकायची, दगड द्यायचा, झालं." दोन-तीन मालकांच्या हातून फिरून आलेल्या गाडीत सगळ्यात आधी दुर्लक्ष होतं ते याच भागाकडे. इंजिन बिघडलं तर गाडी हलत नाही, पायाचा ब्रेक बिघडला तर माणूस घाबरतो. हँडब्रेक बिघडला तर काहीच अडत नाही, उतार येईपर्यंत. घरणी-मांजरेच्या खोऱ्यातला आपला मुलूख लांबून सपाट वाटतो, पण ओढ्याच्या पुलाकडे उतरणारे रस्ते आणि जुन्या गावठाणात चढणाऱ्या गल्ल्या जागोजाग आहेत. उभी केलेली गाडी मागे माणूस नसताना सुटते ती अशाच ठिकाणी.

चाकाखालचा तो दगड, म्हणजे उटी, हाच हँडब्रेकचा मूळ पुरुष. तिथपासून तळहातात येणाऱ्या लिव्हरपर्यंतचा प्रवास सांगण्यासारखा आहे, आणि माझ्या मते तो गॅरेजात कामाला येणारा आहे. हँडब्रेकचा एकेक भाग वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या अडचणीतून जन्माला आला आणि प्रत्येकाचं दुखणंही वेगळं आहे. शिवाय ही सगळी वंशावळ चाकापाशी सुरू होऊन हळूहळू हातापर्यंत आली. दुरुस्तीही त्याच क्रमाने करावी लागते. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी उलटं होतं. "मिस्त्री, तेवढी केबल टाईट करून द्या बरं," असं गिऱ्हाईक म्हणतं, मिस्त्री लिव्हरखालचा नट चार फेरे आवळतात, आणि महिन्याभरात दगड परत चाकाखाली येतो.

आपल्या बैलगाडीला लिव्हर नव्हती. शिरूर अनंतपाळला लागून असलेल्या देवणी तालुक्याच्या नावाने जी गुरांची जात ओळखली जाते, ते देवणी बैल या भागात ओढकामाला नावाजलेले. उतारावर गाडीचं ओझं जुवातून त्यांच्याच मानेवर यायचं आणि तेच पाय रोवून गाडी धरायचे. गाडीवान खाली उतरून गाडी मागून ओढून धरायचा, आणि थांबायचंच झालं तर चाकाला उटी. पण एक गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही : दोन चाकांच्या गाडीला मुक्कामाचा ब्रेक लागतच नाही. बैल सोडले, जू जमिनीला टेकलं, की गाडीच आपली आपण अडकते. उभी असताना पळून जाण्याची भीती सुरू झाली ती चार चाकांबरोबर. म्हणून हँडब्रेकचं घराणं आपल्या गाडीवाटेवर शोधून सापडत नाही. ते रुळांवरून इकडे आलं.

एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांनी उभारलेल्या बार्शी लाईट रेल्वेची अडीच फुटी गाडी १९११ मध्ये लातूरला पोचली. कुर्डुवाडीहून बार्शी, येडशी, ढोकी, मुरूड असा तिचा मार्ग. बार्शीकडच्या खालच्या मुलखातून बालाघाटाच्या माथ्यावर चढायचं तर रामलिंग-येडशीचा चढ होताच. गार्डाच्या डब्यातलं हाताने फिरवायचं चाक आणि उभ्या वाघिणींना रोखणारा ब्रेकचा दांडा, हीच बहुधा या भागातल्या माणसांनी पाहिलेली पहिली हातब्रेकची यंत्रणा. लाकडी किंवा लोखंडी ठोकळा थेट चाकाच्या धावेवर दाबायचा, एवढंच तिचं तत्त्व. युरोपातल्या घोडागाड्यांनाही तसाच ठोकळा होता आणि पहिल्या मोटारीने तो जसाच्या तसा उचलला.

कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या तीनचाकीला पायाचा ब्रेक नव्हताच, हाताने ओढायची लिव्हर तेवढी होती. ऑगस्ट १८८८ मध्ये त्यांची पत्नी बेर्था दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, मानहाइमहून फोर्त्सहाइमला ती गाडी घेऊन निघाली. वाट शंभरेक किलोमीटरची आणि चढउताराची. उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजून निकामी व्हायला लागले, तेव्हा वाटेतल्या एका गावात तिने चर्मकाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. आज चाकातला ड्रम उघडला की आतल्या शूवर बसवलेला जो लायनर दिसतो, त्याची सुरुवात ही. पुढे १८९७ च्या सुमाराला इंग्लंडमधल्या डर्बीशरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड यांनी गाडीवानांची हीच अडचण पाहिली आणि राळ मुरवलेल्या सुती पट्ट्यांचे थर ब्रेकवर बसवून पाहिले. त्यातून उभी राहिलेली कंपनी म्हणजे फेरोडो. तिच्या नात्यातली हिंदुस्थान फेरोडो मुंबईत घाटकोपरला सुरू झाली. तीच नंतर हिंदुस्थान कंपोझिट्स झाली आणि तिचा एक कारखाना आपल्या मराठवाड्यात, पैठणला आहे. बेर्थाबाईंच्या चामड्याचा वंश गोदाकाठी नांदतो आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

लायनरची दुखणी तीन. एक म्हणजे झीज. रिबेटाच्या डोक्यापर्यंत झिजला तर त्यात बघायचं काही उरत नाही, दोन्ही चाकांचे शू एकदम बदलायचे. दुसरं दुखणं तेल. मागच्या चाकातला ब्रेकचा सिलेंडर गळत असला, किंवा ओम्नी, अँबॅसडर यांच्यासारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत आखाचं सील गेलं असलं, की लायनर तेलकट होतो. असा लायनर पेट्रोलने धुऊन परत बसवणारे पुष्कळ भेटतात. तेल आत मुरलेलं असतं, गाडी तापली की पुन्हा वर येतं. आधी गळती थांबवायची, मग लायनर नवा टाकायचा, याला दुसरा मार्ग नाही. तिसरं दुखणं म्हणजे वरचा थर तापून काचेसारखा गुळगुळीत होणं. हँडब्रेक अर्धवट लागलेला ठेवून गाडी पळवली की हे होतं.

इथे एक गोष्ट जरा थांबून सांगितलीच पाहिजे. १९०८ पासून फ्रूड यांच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस आला आणि पुढची कित्येक दशकं जगभर तोच चालला. जुन्या गाडीच्या ड्रममध्ये साठलेल्या काळ्या भुकटीत तो असू शकतो. ॲस्बेस्टॉसचे धागे फुप्फुसात रुतले की बाहेर येत नाहीत आणि आजार उमटायला कधी कधी वीस-तीस वर्षं लागतात. आपल्याकडे ड्रम उघडल्यावर पहिलं काम काय होतं? हवेची नळी लावून फुंकलं जातं, आणि शेजारी पान्याची पेटी धरून पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा बसलेला असतो. पाण्याने भिजवा, ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. यासाठी एक पैसा जास्त लागत नाही. गॅरेजचालकांनी निदान या पोरांसाठी तरी हे आजपासून करावं.

ठोकळा चाकाबाहेर असला की चिखल, पाणी, धूळ थेट त्यावर. १९०२ मध्ये लुई रेनॉ यांनी शू ड्रमच्या आत नेले. ते आतून बाहेर फाकून ड्रमला धरतात, आणि ड्रमच्या फिरण्यानेच एक शू आणखी घट्ट ओढला जातो. हाताच्या थोड्या जोरात गाडी थोपते ती यामुळे. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आल्यावरही स्वस्त गाड्यांच्या मागच्या चाकांत ड्रम टिकून राहिला, त्याला हेही एक कारण आहे.

त्या काळातला एक तपशील तर आज खोटा वाटेल. विल्हेल्म मायबाख यांनी घडवलेली १९००-०१ ची मर्सिडीज, म्हणजे आधुनिक मोटारीचा पहिला नमुना मानली जाणारी गाडी. तिच्यात मागच्या चाकांच्या ड्रमवरचा मुख्य ब्रेक हाताचा होता आणि पायाचा ब्रेक साखळीच्या मधल्या दांड्यावरचा, दुय्यम. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टीमध्ये पायाचा ब्रेक गिअरपेटीतल्या पट्ट्यावर गेला आणि मागच्या चाकांचे ड्रम हातातच राहिले. चालती गाडी थांबवण्याचं काम पायाकडे पूर्ण गेलं ते तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक आल्यावर. ड्यूसेनबर्गच्या १९२१ च्या गाडीपासून ते बाजारात रुळत गेले. हाताकडे उरलं फक्त गाडी धरून ठेवणं. पण या वाटणीत हँडब्रेकला एक मोठेपण मिळालं : तेल संपो, पाइप फुटो, इंजिन बंद असो, तो कुणावरही अवलंबून नाही. आपले १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम हेच मागतात. नियम ९६ प्रमाणे गाडीला दोन स्वतंत्र आणि कार्यक्षम ब्रेक हवेत, एक पायाचा आणि एक उभी गाडी धरणारा. यातला स्वतंत्र हा शब्द जिवावरच्या प्रसंगाचा आहे. पायाचा ब्रेक अचानक गेला, तर लिव्हरच्या टोकाचं बटण दाबून धरून, स्टिअरिंग सरळ ठेवून, लिव्हर हळूहळू ओढत आणि गरज पडेल तशी सोडत गाडी थांबवता येते. एका झटक्यात ओढली तर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरते.

शूपासून हातापर्यंत जोर न्यायचा कसा? आधी लोखंडी सळया, त्यांचे सांधे, प्रत्येक सांध्याला थोडी ढील. १८९६ मध्ये अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडेन यांनी पेटंट घेतलं ते वेटोळ्याच्या आवरणातून सरकणाऱ्या तारेचं. आधी सायकलींनी आणि मग मोटारींनी ती तार घेतली. वळणावळणाने नेता येते, वजन नाही, किंमत नाही. मात्र तिचा सगळा भरवसा आवरणावर. आपल्या काळ्या मातीचा पावसाळ्यातला चिखल आवरणाच्या फाटलेल्या टोकातून आत शिरतो, उन्हाळ्यात सुकतो, आणि तार गंजून आतल्या आत धरते. सोयाबीन काढणीच्या दिवसांत शेतरस्त्याने फिरलेल्या गाड्यांत हे सर्रास होतं. अशी केबल ओढली जाते, पण सोडल्यावर परत येत नाही. शू ड्रमला घासत राहतात, ड्रम तापतो, ॲव्हरेज पडतं आणि मालक कार्ब्युरेटरला दोष देत बसतो. तेल सोडून केबल चार दिवस चालेल. गंजलेली केबल बदलायचीच, आणि आवरणाची रबरी टोपी नवी लावायची.

आता निदानाचा क्रम. गाडी सपाट जागी घ्या. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी द्या, गिअर न्यूट्रल, मागचा भाग जॅकने उचलून खाली स्टँड. नुसत्या जॅकवर भरवसा नको. हँडब्रेक पूर्ण सोडून मागची चाकं हाताने फिरवा. एखादं जड फिरत असेल तर त्या बाजूची केबल अडकली आहे किंवा शू परत येत नाहीत. मग लिव्हर एकेक खटका वर घ्या आणि दर खटक्याला दोन्ही चाकं फिरवून पाहा. दोन्ही सारखीच उशिरा धरत असतील तर झीज, एकच उशिरा धरत असेल तर त्या बाजूचा ड्रम उघडा. लिव्हर हाताला काहीच न लागता वर आली तर तार तुटली आहे. लिव्हर कडक पण चाक मोकळं, तर तार आवरणात धरली आहे. गाडीगणिक आकडा बदलतो, पण बहुतेक छोट्या गाड्यांत पाच ते नऊ खटक्यांच्या आत दोन्ही चाकं पक्की धरली गेली पाहिजेत. पायाचं पेडल खोल जाऊन दुसऱ्या दाबाला वर येत असेल, तर त्यामागेही पुष्कळदा तेच कारण असतं : मागचे शू ड्रमपासून लांब गेलेले.

इथेच नट आवळण्याची चूक कळते. ड्रमच्या आत दोन शूंच्या मध्ये एक पट्टी असते. लायनर झिजेल तसे शू बाहेर सरकवण्याचं काम पुष्कळ गाड्यांत तीच आपणहून करते. हँडब्रेकची तार शूच्या अंगच्या एका छोट्या लिव्हरला ओढते, आणि सोडल्यावर ती लिव्हर मुळापर्यंत परत आली तरच पट्टीचं गणित जुळतं. वर नट आवळून ठेवला की लिव्हर कायम अर्धवट ओढलेली राहते, पट्टी काम सोडते, लायनर झिजत जातो आणि अंतर वाढत जातं. म्हणून आधी नट पूर्ण ढिला करायचा. ड्रम काढायचा; गंजून बसला असेल तर हातोडा नको, बऱ्याच ड्रमवर त्यासाठीच आट्यांची दोन भोकं असतात, त्यांत बोल्ट पिळले की तो सुटून येतो. ड्रमच्या कडेला उभा राहिलेला काठ, आतल्या चऱ्या, वर कोरलेला कमाल व्यास पाहायचा. पट्टीचे दात साफ करून तिला मोकळं करायचं, शू जिथे टेकतात तिथे ग्रीसचं नखभर बोट, लायनरवर मात्र ग्रीसचा थेंबही नाही. ड्रम बसवून पेडल दाबत पट्टी जुळवून घ्यायची. नटाला हात लावायचा तो शेवटी, आणि तोही दोन्ही चाकं मोकळी फिरतील एवढाच.

शेवटी हातापाशी, लिव्हरकडे. तिथले खटक्याचे दात आणि त्यांत अडकणारी जीभ क्वचितच बिघडतात. लिव्हर वर राहत नाही, निसटते, तेव्हा दात झिजलेले असतात आणि ते कानसून भागत नाही, लिव्हर बदलावी लागते. डॅशवरचा लाल दिवा मात्र नीट वाचा. हँडब्रेक सोडल्यावरही तो पेटलेला असेल तर लिव्हरखालच्या स्विचची वायर ओढून टाकण्याआधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइल बघा. बऱ्याच गाड्यांत दोन्हीसाठी एकच दिवा असतो.

जीपचं प्रकरण निराळं. महिंद्रांनी मुंबईत जुळवायला घेतलेल्या विलीज जीपचा हँडब्रेक चाकांवर नव्हताच. तो गिअरपेटीमागच्या ट्रान्सफर केसच्या शेपटाशी, मागच्या प्रोपेलर शाफ्टवर असलेल्या छोट्या ड्रमवर होता. सरकारी कचेऱ्यांपासून खेड्यांतल्या सवारी वाहतुकीपर्यंत या गाड्या मराठवाड्यात पुष्कळ राबल्या. या ब्रेकची ताकद मोठी, कारण डिफरन्शिअलमधून तो जोर वाढून चाकांवर येतो. पण त्याच डिफरन्शिअलमुळे त्याच्यात एक जीवघेणी गोष्ट आहे. पंक्चर काढायला मागचं एकच चाक जॅकवर उचललं, की ते हवेत उलटं फिरू शकतं आणि दुसरं जमिनीवर मोकळं होतं. हँडब्रेक पूर्ण ओढलेला असून गाडी सरकते. जुन्या जीपवाल्यांनी चाक काढण्याआधी दगड शोधायची सवय लावून घेतली ती यासाठी, आणि ती अगदी बरोबर होती. हा ब्रेक सुटत असेल तर ड्रमवर ट्रान्सफर केसच्या सीलमधून तेल येतं का, तेच आधी पाहावं.

बहुतेक ट्रॅक्टरांना तर वेगळी यंत्रणाच नाही, दोन्ही पेडल जोडून दाबायची आणि खटक्याने अडकवायची. मागच्या उसाच्या ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक बहुधा नसतोच. चढावर थांबलेल्या भरल्या ट्रॉलीला त्या एका खटक्याच्या भरवशावर सोडून खाली उतरणं मला बघवत नाही. तिथे लाकडी उटी सोबत असलीच पाहिजे.

बसने मात्र सगळी रीतच उलटी केली. निजाम सरकारच्या रेल्वेने जून १९३२ मध्ये २७ गाड्या घेऊन रस्त्यावरची वाहतूक सुरू केली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ जुलै १९६१ ला इथली परिवहन सेवा आजच्या एसटी महामंडळात मिसळली. जुन्या बसमध्ये ड्रायव्हरशेजारी जमिनीतून उभा असलेला हँडब्रेकचा लांब दांडा पुष्कळांना आठवत असेल. हवेचे ब्रेक असलेल्या आताच्या बसमध्ये दाबलेली जाड स्प्रिंगच चाकं धरून ठेवते आणि हवा तिला मागे रेटून गाडी मोकळी करते. बस उभी करताना फुस्स आवाज येतो तो ती हवा सोडल्याचा. हवा गळाली तर गाडी सुटत नाही, जागीच अडकते. इतक्या पिढ्यांत हँडब्रेकमध्ये झालेली ही सगळ्यात शहाणी सुधारणा.

मारुती ८०० ची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ ला गिऱ्हाईकाच्या हाती गेली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं. दोन सीटांमधल्या तिच्या लिव्हरवर इथल्या मिस्त्रींच्या दोन पिढ्या शिकल्या. आता जुन्या बाजारात येऊ लागल्या आहेत त्या बटणाच्या हँडब्रेकच्या गाड्या. २००१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या मोठ्या गाडीत आलेली ही सोय हळूहळू मधल्या किमतीपर्यंत उतरली. आताच्या बहुतेक अशा गाड्यांत तार नाही, लिव्हर नाही, दात नाहीत. मागच्या कॅलिपरवर बसवलेली छोटी मोटर पिस्टन पुढे ढकलते. पॅड बदलायचे तर आधी स्कॅनर लावून मोटर मागे घ्यावी लागते. ते न करता पिस्टन जबरीने आत दाबला तर मोटरचे गिअर तुटतात आणि दोन पॅडचं काम पूर्ण कॅलिपरवर जातं. बॅटरी उतरली असताना ब्रेक सोडवायची रीत प्रत्येक गाडीत वेगळी, ती तिच्या पुस्तकात पाहावी लागते. तालुक्याच्या गॅरेजात असे स्कॅनर यायला हवेत आणि आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या वर्गात ते हाताळायला मिळायला हवेत, नाहीतर पुढच्या दहा वर्षांत एवढ्याशा कामासाठी गाडी टोचन करून लातूरला न्यावी लागेल.